देशावरची समुद्रशास्त्रज्ञ

गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटरवर आहे. पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पंचवटीवरून पूर्वेला सुमारे 1465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. रामकुंडावर पुजली जाणारी ही नदी पुढे समुद्रात जाऊन काय करते, याची चौकशी घाटावरच्या माणसाने फारशी केली नाही. समुद्र हा कोकणाचा, कोळ्यांचा, नाहीतर आरमाराचा विषय, ही आपली जुनी समजूत. वास्तविक नद्यांनी आणलेल्या नायट्रेट-सिलिकेटवर किनाऱ्यालगतचे सूक्ष्म वनस्पतीप्लवक पोसतात आणि प्लवकांवर पुढे मासळी. या प्लवकांचा अभ्यास ज्यांनी केला त्या अदिती पंत देशावरच्याच. जन्म 1943 चा, नागपूरचा, घराणे औंधचे, बी.एस्सी. पुण्यातली. अ‍ॅलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने त्यांना समुद्राची ओढ लावली, किनाऱ्याने नव्हे.

त्यांचे नाव निघाले की अंटार्क्टिकाच आठवते. डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर गेलेल्या या पहिल्या महिला. पण या कारकिर्दीचे खरे वळण दहा वर्षे आधीचे, 1973 चे आहे. हवाई विद्यापीठात त्यांनी उष्ण कटिबंधातल्या प्रखर प्रकाशाचा प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो हे तपासले, लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजात समुद्री शैवालांवर पीएच.डी. केली. तिथून परदेशातली नोकरी हा सरळ रस्ता होता. त्याऐवजी 1973 साली त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहीम 1965 मध्ये संपली आणि तिच्या पाठोपाठ 1 जानेवारी 1966 रोजी ही संस्था उभी राहिली. संस्थापक एन. के. पणिक्कर यांची भेट पंतांच्या परतण्यामागे होती. या शास्त्रातले काम तसे कंटाळवाणेच. ठरावीक खोलीवरचे पाणी काढायचे, काही बाटल्या उजेडात आणि काही काळ्या वेष्टनात ठेवायच्या, मग गाळून प्लवकांनी किती कार्बन घेतला ते मोजायचे. वर्षानुवर्षे. दक्षिण महासागरात क्रिल हे झिंग्यासारखे जीव आणि देवमासे ज्या अन्नसाखळीवर जगतात तिच्या तळाशीही हेच प्लवक असतात. अंटार्क्टिकाला जाताना पंतांचा विषय बदलला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, वडील अप्पा पंत राजनैतिक अधिकारी, औंधच्या राजाचे चिरंजीव. अशा घरच्या मुलीला काय अशक्य? घराने पुस्तके आणि धीर दिला, हे खरेच. पण हवाईचे शिक्षण अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीवर झाले, आणि संशोधनाचे जहाज कुठल्याही संस्थानिकाच्या घरी नसते. ते सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संस्थेकडेच असते. घराण्यावर सगळे अवलंबून असते तर 1966 पूर्वीही देशावरून समुद्रशास्त्रज्ञ निघाले असते. दुसरा आक्षेप असा की अंटार्क्टिका नसती तर हे नाव आपल्याला कळलेच नसते. तेही कबूल; पण त्यातून वाचकांच्या सवयी कळतात, शास्त्रज्ञाच्या कामाची किंमत नाही. पुढे 1990 च्या सुमारास त्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेल्या, म्हणजे पुन्हा घाटावर. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे 1983 हे एकच साल छापतात. शेजारी 1973 छापायला जागा कमी पडणार नाही.