खडकाने जपलेले थेंब

तेलविहीर खणली आणि कोरडी निघाली, म्हणजे तिथे तेल कधी नव्हतंच का? हे शोधण्याची वाट शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५८ साली दाखवली. स्फटिक वाढताना भोवतालचा द्रव त्यातल्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकतो. थंड होताना तो आकसतो, आत बुडबुडा उरतो. सॉर्बींचं म्हणणं असं, की स्फटिक पुन्हा तापवा. बुडबुडा ज्या तापमानाला नाहीसा होतो, निदान तेवढ्या उष्णतेत तो द्रव कोंडला गेला. डोंगर काय सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, म्हणून लोक त्यांना हसले.

विसाव्या शतकात तेलशोधकांनी हीच युक्ती उचलली. वाळूच्या खडकात तेल शिरताना क्वार्ट्झ वाढत असेल, तर तेलाचे थेंबही कोंडले जातात. अतिनील प्रकाशात ते चमकतात. शेजारीच अडकलेल्या पाण्यावरून तापमान काढायचं. तो थर केव्हा किती खोल, किती गरम होता याच्याशी ते ताडलं, की तेल साधारण कधी आलं ते कळतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर समुद्रात काही विहिरींत तेल मिळालं नाही, पण असे थेंब भरपूर मिळाले. म्हणजे साठा होता. पुढे भूस्तरातल्या भेगा हलल्या आणि तो गळून गेला. तेल निघून जातं, साक्षीदार मागे राहतो.