टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांच्या रक्तातील मेद

कोलेस्टेरॉल म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो पन्नाशीतला, पोट सुटलेला माणूस. त्यामुळे दहा-अकरा वर्षांच्या किडकिडीत मुलाच्या लिपिड प्रोफाइलचा कागद हाती पडला की आईवडील गोंधळतात. टाइप-१ मधुमेहात मात्र ही तपासणी नेहमीच्या उपचारांचाच भाग आहे आणि मूल बारीक आहे म्हणून ती टाळता येत नाही.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिनचा संबंध आपण केवळ साखरेशी जोडतो. पण शरीरातील मेदाच्या साठ्यावर नियंत्रण ठेवणेही त्याचेच काम. इन्सुलिन नसले की साठ्यातील चरबी मेदाम्लांच्या रूपाने रक्तात उतरते. यकृत त्यांपैकी काहींचे कीटोन बनवते, तर काहींचे ट्रायग्लिसराईड करून ते पुन्हा रक्तात सोडते. रक्तातील ट्रायग्लिसराईडचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही याच वेळी मंदावते. आवक वाढलेली आणि निचरा तुंबलेला, अशी ही स्थिती. कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन रुग्णालयात आलेल्या एखाद्या मुलाचा रक्तद्रव दुधासारखा पांढरट दिसतो, तो यामुळेच. ट्रायग्लिसराईड हजार मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. बहुतेक मुलांत मात्र इन्सुलिन सुरू झाल्यावर ही पातळी खाली येते.

म्हणूनच निदानाच्या धामधुमीत केलेल्या चाचणीवरून मुलाच्या कोलेस्टेरॉलविषयी कायमचा निष्कर्ष काढू नये. मुलांच्या मधुमेहासाठी काम करणाऱ्या ‘इस्पॅड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, साखर आटोक्यात आल्यानंतर, वयाच्या ११ व्या वर्षापासून ही तपासणी करावी आणि अहवाल चांगला असल्यास दर तीन वर्षांनी ती पुन्हा करावी. कुटुंबात उच्च कोलेस्टेरॉल किंवा कमी वयात हृदयविकार झाल्याचा इतिहास असेल, तर दुसऱ्या वर्षापासूनच.

अहवाल वाचताना एक गफलत हमखास होते. प्रयोगशाळेच्या कागदावर पुष्कळदा प्रौढांच्याच मर्यादा छापलेल्या असतात. प्रौढांत एकूण कोलेस्टेरॉल २०० पर्यंत चालते. मुलांत ते दर डेसिलिटरला १७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे योग्य. ट्रायग्लिसराईडसाठी प्रौढांची मर्यादा १५०, पण दहा वर्षांखालील मुलांत ७५ आणि त्यापुढे ९० पेक्षा कमी अपेक्षित. एलडीएलचे उद्दिष्ट टाइप-१ मधुमेहात १०० च्या आत आहे. म्हणजे कागदावर ‘नॉर्मल’ छापलेला आकडाही मुलाच्या दृष्टीने चढा असू शकतो. उलट, उपचार नीट चाललेल्या मुलांत एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, बरेचदा उत्तम दिसते. त्यावर विसंबून एलडीएलकडे काणाडोळा करणे बरे नव्हे.

आकडा चढा निघाला तर पहिला प्रश्न गोळीचा नसून इन्सुलिनचा असतो. मात्रा पुरेशी आहे का, इंजेक्शने चुकतात का? पौगंडावस्थेत संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम घटतो आणि नेमके त्याच वयात इंजेक्शन टाळण्याकडे कल वाढतो. या मुलांत थायरॉइडची ग्रंथी मंदावण्याचे प्रमाणही अधिक असते आणि त्यानेही एलडीएल वाढते. तेव्हा ती चाचणी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आहारात संपृक्त मेद कमी करावा लागतो. खोबरेल तेलात तो ८० टक्क्यांहून अधिक असल्याने आपल्याकडच्या हुमणातील नारळाचा रस हिशेबात धरायलाच हवा. हुमणातला मासा मात्र खुशाल राहू द्यावा.

सहा महिने असे प्रयत्न करूनही एलडीएल १३० च्या वर राहिले, तर दहा वर्षांपुढील मुलांत डॉक्टर स्टॅटिनचा विचार करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅडिट’ या चाचणीत ४४३ किशोरवयीन सहभागी होते. त्यांत स्टॅटिनने मेद उतरले. मानेतील रक्तवाहिनीच्या भित्तीच्या जाडीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. त्यामुळे सरसकट प्रत्येकाला गोळी देण्याची पद्धत नाही. गर्भाला धोका संभवत असल्याने वयात आलेल्या मुलींना ती देताना याची स्पष्ट कल्पना द्यावी लागते.

या साऱ्याचे कारण पुढच्या आयुष्यात आहे. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या ‘डीसीसीटी’ अभ्यासात एका गटाची साखर काटेकोरपणे नियंत्रित ठेवली होती. सहभागी झालेल्यांत १३ वर्षांची मुलेही होती. पुढे या सर्वांचा पाठपुरावा चालू राहिला आणि २००५ मध्ये असे आढळले की, त्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ४२ टक्क्यांनी कमी झाला होता.