तिसऱ्यांदा न हुकलेली तारीख : एलन विल्किन्सन

१ सप्टेंबर १९३९ म्हटले की पोलंडवरील जर्मन आक्रमण आठवते. इंग्लंडमधील शाळांसाठी मात्र तो दिवस आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरणार होता. शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ वर नेणारा १९३६ चा कायदा नेमका त्याच दिवशी अमलात यायचा होता. युद्ध पेटले आणि कायदा बारगळला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने १ एप्रिल १९४५ ही नवी तारीख दिली. तीही दोन वर्षे लांबली. १९४७ मध्ये ती पुन्हा हुकू नये म्हणून मंत्रिमंडळात ज्या अडून बसल्या, त्या एलन विल्किन्सन.

जन्म १८९१ चा, मँचेस्टरच्या आर्डविक या कामगार वस्तीतला. वडील आधी कापडगिरणीत, पुढे विमा प्रतिनिधी. अकराव्या वर्षी पहिली शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढचे शिक्षणही शिष्यवृत्त्यांच्याच बळावर झाले. मध्यंतरी त्या ‘विद्यार्थी-शिक्षिका’ होत्या : अर्धा आठवडा स्वतः शिकायचे, अर्धा आठवडा मुलांना शिकवायचे. १९१० मध्ये मँचेस्टर विद्यापीठात त्यांनी इतिहासाचा अभ्यास सुरू केला.

उंची पाच फुटांहून कमी, केस तांबडे आणि राजकारणही तांबडे. म्हणून लोक त्यांना ‘रेड एलन’ म्हणत. १९२० मध्ये ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्या होत्या. १९२४ मध्ये तो पक्ष सोडून त्या मजूर पक्षातर्फे संसदेत पोहोचल्या. १९३१ च्या पराभवानंतर, १९३२ मध्ये, इंडिया लीगच्या शिष्टमंडळातून त्या हिंदुस्थानात आल्या. सोबत कृष्ण मेनन होते. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांचीही भेट झाली. शिष्टमंडळाचा रोखठोक अहवाल १९३४ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

१९३५ मध्ये त्या जॅरो येथून निवडून आल्या. जहाजबांधणीचा कारखाना बंद पडल्याने ते गाव बेकारीने पोळले होते. ऑक्टोबर १९३६ मध्ये तेथील २०० पुरुष अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज घेऊन सुमारे ३०० मैलांवरील लंडनला पायी निघाले. वाटेतील बराच पल्ला विल्किन्सनबाई त्यांच्याबरोबर चालल्या. पंतप्रधान बाल्डविन यांनी मोर्चेकऱ्यांना भेट नाकारली.

१९४५ मध्ये ॲटली यांनी त्यांना शिक्षणमंत्री केले. त्या पदावरील त्या ब्रिटनमधील पहिल्या महिला. वाट्याला आल्या त्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शाळा आणि शिक्षकांची टंचाई. युद्धावरून परतलेल्यांना वर्षभराच्या प्रशिक्षणाने शिक्षक करण्याची योजना सुरू होती. वर्गांसाठी तयार भागांच्या बराकी उभारायच्या होत्या. १९४६ पासून शाळकरी मुलांना मोफत दूधही मिळू लागले.

जानेवारी १९४७ मध्ये देश आर्थिक संकटात होता. कामाला माणसे कमी, तेव्हा चौदा वर्षांची मुले आणखी एक वर्ष शाळेत कशाला अडकवायची, असा काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचा सूर होता. विल्किन्सन यांचे उत्तर सरळ होते : याची झळ श्रीमंतांच्या मुलांना लागणार नाही, ती कामगारांच्याच मुलांना लागेल. मंत्रिमंडळाने तारीख कायम ठेवली.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटण्याची पद्धत त्यांनी चालू ठेवली, आणि त्यांच्याच पक्षातील अनेक शिक्षक त्यांच्यावर नाराज झाले. मला वाटते, शिष्यवृत्तीच्या शिडीने स्वतः वर आलेल्या व्यक्तीला त्या शिडीखाली राहिलेली मुले पुरेशी दिसली नाहीत.

दम्याने त्या आधीच खंगल्या होत्या. २५ जानेवारीला, कडाक्याच्या थंडीत, बॉम्बहल्ल्यात मोडकळीला आलेल्या एका इमारतीत ओल्ड विक नाट्यविद्यालयाच्या उद्घाटनाला त्या गेल्या आणि लवकरच आजारी पडल्या. ६ फेब्रुवारीला, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फुप्फुसांच्या विकाराला औषधाच्या अतिरिक्त मात्रेची जोड मिळाली होती. ती अपघातानेच घेतली गेली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला.

कायदा १ एप्रिलला ठरल्याप्रमाणे अमलात आला, त्यांच्या मृत्यूनंतर ५४ दिवसांनी. त्या वाढीव वर्षासाठी उभारलेल्या बराकी पुढे कित्येक वर्षे वर्ग म्हणून वापरात राहिल्या.