बॉनेटखालचे वाचन

दुरुस्तीचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. कारखाना कधी उभा राहिला, पहिली मोटार कधी बाहेर पडली, याच्या नोंदी राहतात. रविवारी सकाळी बॉनेट उघडून इंजिनावर वाकलेल्या माणसाची नोंद कुणी ठेवत नाही. मुंबईच्या फियाटचा विचार करताना ही उणीव आम्हांला विशेष जाणवते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. केवळ सुटे भाग जुळवणाऱ्या कंपन्यांना वाव न ठेवणारे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले, आणि शिवडीत मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. उरलेल्या मोजक्या उत्पादकांपैकी प्रीमियरने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आणली. सत्तरच्या दशकात तिलाच ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे असलेली गाडी टिकवणे हा छंद नव्हता, गरज होती.

मात्र या गरजेतून एक साक्षरता जन्मली. गाडी दशकानुदशके फारशी बदलली नाही. म्हणून एकाने शिकलेले दुसऱ्याच्या कामी येई. डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून ठिणग्यांनी खडबडीत झालेले पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालून त्यांतले अंतर जमवायचे. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडली, तर पंपावर ओले फडके गुंडाळायचे. प्लग काढून त्याचा रंग पाहायचा: काजळी धरली असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, पांढुरका पडला असेल तर कमी, फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. चिन्हावरून अर्थाकडे जाण्याची ही क्रिया वाचनाहून वेगळी आहे, असे आम्हांला वाटत नाही.

या ज्ञानाचे खरे धनी मात्र मालक नव्हते. ते होते टॅक्सीचालक आणि फुटपाथवरचे मिस्त्री. टॅपेटचा आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान त्याच्या हाताखालच्या पोऱ्याकडे गेले, कागदावर फारसे उतरले नाही. मालकाची हौस आठवणींच्या लेखांतून तरी उरते. मिस्त्रीचे कसब त्याच्यासोबतच संपते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि प्रतीक्षेचे जग हळूहळू ओसरू लागले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याने घेतली. हवा त्यामुळे कमी बिघडते, गाडी क्वचित अडते. हे नाकारण्यात अर्थ नाही. टंचाईचे गोडवे गाणे ही आठवणीतली अप्रामाणिकता ठरेल. पण आपल्या मालकीची वस्तू उघडून समजून घेणे ही टंचाईची देणगी असली, तरी तिच्याबरोबर जावी असे काही नव्हते. विवशता संपली हे बरेच झाले. तिच्याबरोबर आकलनही गेले, हे आपण पुरेसे लक्षात घेतले नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तिची छायाचित्रे पुष्कळ निघाली. संग्रहालयात उद्या एखादी पद्मिनी चकचकीत उभी राहील. तिचे पॉइंट कसे जमवायचे हे सांगणारे हात आज आहेत, तोवर त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवे.