कागद कोण वाचून दाखवणार?

(पेण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय 'मोफत विधी सेवेचा इतिहास' असा जाहीर झाला आहे. मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, वकील नाही. समोर दोन-तीन काळे कोट दिसताहेत. माझं एखादं कलम चुकलं तर त्यांनी मला तिथल्या तिथे थांबवावं.

सुरुवात एका कागदापासून करतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या रोह्याच्या घरी एक कातकरी बाई वर्षानुवर्षं येतात. मे महिन्यात करवंदं, पाऊस लागला की शेवळं, मग चिंबोऱ्या. त्या दिवशी त्यांनी टोपली खाली ठेवली, कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेला एक कागद काढला. म्हणाल्या, "मास्तर, ह्या कागदान काय लिवलंय?"

तो दिवाणी न्यायालयाचा समन्स होता, आदल्या वर्षीचा. त्यांची झोपडी जिथे उभी आहे ती जागा सातबाऱ्यावर दुसऱ्याच माणसाच्या नावाने आहे. आपल्याकडच्या कितीतरी कातकरी वाड्यांची हीच स्थिती. मुंबई जवळ आली, जमिनीला भाव आला, मालकाला जागा मोकळी हवी झाली. त्याने दावा लावला. समन्स आला तेव्हा ही माणसं वीटभट्टीवर होती, म्हणून कागद बंद दाराला चिकटवला गेला. परत आल्यावर बाईंनी तो दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, "रेशनचं काहीतरी असेल, ठेव जपून." त्यांनी जपून ठेवला. फार जपून ठेवला, मंडळी.

मी तो वाचला, आणि मला पुढे काय करायचं ते कळेना. तीसेक वर्षं मी नीतिशास्त्र शिकवलं. न्याय म्हणजे काय, यावर प्लेटोपासून पुढे कितीही वेळ बोलू शकलो असतो. पण तारीख उलटून गेलेल्या समन्सचं काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. तिथून मी या विषयाकडे वळलो. त्या बाईंचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

आता इतिहास. आपल्याकडे गरिबाचं वकीलपत्र घेणं हे आधी एखाद्या माणसाच्या धैर्याचं काम होतं. १८७९ साल घ्या. वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. ते आपल्याच जिल्ह्यातले, पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे. सरकारविरुद्ध बंड केलेल्या माणसाच्या बाजूने पुण्याच्या न्यायालयात उभं राहायचं, म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घ्यायचा. तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, पुढे आले आणि त्यांनी वकीलपत्र घेतलं. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, एडनला पाठवलं, १८८३ मध्ये तिथेच ते गेले. खटला हरला. पण आरोपी कोणीही असो, त्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी हवा, ही गोष्ट काकांनी करून दाखवली. मात्र यात एक अडचण आहे बघा. काका होते म्हणून झालं. काका नसते तर? फडक्यांना काकांकडे 'हा माझा हक्क आहे' असं म्हणता आलं नसतं.

दुसरा प्रसंग घराजवळचा. अलिबाग तालुक्यातलं चरी. आपल्या पेणच्या खारेपाटापासून फार लांब नाही. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पंचवीसेक गावं, आणि संप चालला १९३९ पर्यंत. सहा वर्षं घरात भात नाही, आणि तरी माणसं हटली नाहीत. इथेही मुळाशी कागदच होता. कबुलायतीवर कुळाचा अंगठा उमटायचा, पण अंगठा कशावर उमटतोय हे त्याला वाचून दाखवणारा त्याच्या बाजूचा माणूस नसायचा. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. बॅरिस्टर माणूस. त्यांनी एकेका कुळाचा दावा लढवण्यापेक्षा कायदाच बदलायचा मार्ग धरला. १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. पण १९३९ च्या कूळ कायद्यात संरक्षित कूळ आलं, आणि १९४९ मध्ये खोती कायद्याने गेली. वकिलाची सेवा कोर्टाच्या बाहेरही असते, हे चरीने शिकवलं.

संस्थेच्या पातळीवर विचार सुरू झाला तोही मुंबई इलाख्यातच. १९४९ मध्ये मुंबई सरकारने गरिबांना कायदेशीर मदत कशी द्यावी यासाठी न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांची समिती नेमली. पुढे १९७० मध्ये गुजरात सरकारने याच कामासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती पी. एन. भगवती. बापाच्या पाठोपाठ मुलगा त्याच प्रश्नावर बसला. घराण्याचा अभिमान म्हणून हे ठीक आहे, पण दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एकवीस वर्षांत प्रश्न तिथल्या तिथेच होता.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आलं. पैशाअभावी कोणाला न्याय नाकारला जाऊ नये म्हणून राज्याने मोफत विधी साहाय्य द्यावं, असं ते सांगतं. पण हे मार्गदर्शक तत्त्व. त्यावर बोट ठेवून कोर्टात मागणी करता येत नाही. त्यात जीव भरला तो काही निकालांनी. त्यातला १९७८ चा होसकोट खटला आपल्या महाराष्ट्रातला आहे. हा मनुष्य विद्यापीठात शिकवणारा, म्हणजे आमच्याच पेशातला, आणि गुन्हा खोट्या पदव्यांच्या कागदांचा. उच्च न्यायालयाने १९७३ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयात तो गेला चार वर्षांहून जास्त उशिराने. का? म्हणे निकालाची प्रतच मिळाली नाही. तुरुंगाचं म्हणणं, दिली होती. पण मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती. त्याची याचिका फेटाळलीच गेली. तरी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने बजावलं की कैद्याला निकालाची प्रत मोफत द्या, पोच घ्या, आणि अपिलासाठी वकील नसेल तर राज्याने द्यावा. पुन्हा बघा, सगळं एका कागदावर आलं.

१९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांचा हुसैनारा खातून खटला झाला. १९८३ मध्ये शीला बारसे यांनी मुंबईच्या स्त्री कैद्यांविषयी लिहिलेल्या पत्रावरून निकाल आला. आणि १९८६ चा सुक दास खटला, अरुणाचल प्रदेशातला. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे प्रश्न असा होता की आरोपीने वकील मागितलाच नाही, मग त्याचा हक्क गेला का? न्यायालय म्हणालं, नाही. खेड्यापाड्यातल्या निरक्षर माणसाला असा हक्क आहे हेच माहीत नसतं. मागितला नाही म्हणून तो जात नाही. न्यायाधीशाने स्वतः सांगायला हवं.

मग १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. आठ वर्षं तो नुसता पडून होता. ९ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाला. त्याचं बारावं कलम घरी जाऊन जरूर वाचा. अनुसूचित जाती-जमातींची माणसं, स्त्रिया, मुलं, वेठबिगारीचे बळी, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, या सगळ्यांना वकील मोफत मिळतो, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आमच्या बाईंचा हक्क दुहेरी, स्त्री म्हणून आणि आदिवासी म्हणून. प्राधिकरण जिल्ह्याला अलिबागला, आणि तालुक्याला विधी सेवा समिती. तालुक्यातल्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशांनी तिचं अध्यक्ष असायचं, असं कायदाच सांगतो. म्हणजे बाईंच्या हक्काचं कार्यालय त्या जिथे करवंदं विकायला बसत, त्याच गावात होतं.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. वकिलांच्या आचारसंहितेत, बार कौन्सिलच्या नियमांत, एक ४६ वा नियम आहे. आपल्या आर्थिक मर्यादेत राहून गरिबाला व पीडिताला मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेलं एक श्रेष्ठ कर्तव्य आहे, असा त्याचा आशय. नियम सुंदर आहे. पण कांट ज्याला अपूर्ण कर्तव्य म्हणतो, तसा तो आहे. करायला हवं, पण कोणासाठी, किती, कधी, हे करणाऱ्याने ठरवायचं. त्यामुळे अमुक एक बाई अमुक एका वकिलाला 'तुम्ही माझं देणं लागता' असं म्हणू शकत नाही. बाराव्या कलमाने ते देणं राज्याच्या डोक्यावर ठेवलं. उपकाराचं कर्तव्य झालं, कर्तव्याचा हक्क झाला. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा शंकराचार्यांचा आधार घेऊन सांगत की दान म्हणजे सम विभागणी. देणारा वर आणि घेणारा खाली, असं त्यात नाही. कायद्याने तेच वेगळ्या भाषेत म्हटलं.

पण इथेच लोकांच्या मनातला जुना हिशोब आड येतो. 'फुकटचा वकील काय लढणार?' असं बाररूममध्येही म्हणतात आणि वाडीवरही म्हणतात. गरीब माणूस बायकोचं डोरलं गहाण ठेवून खासगी वकील करतो, कारण पैसे दिले की वकील आपला, असं त्याला वाटतं. याला त्याचं अज्ञान म्हणून सोडून देऊ नका. पॅनेलवरच्या वकिलाला सरकार फार थोडं मानधन देतं आणि तेही उशिरा, हे त्याने पाहिलेलं असतं. जिथे काम मनापासून होत नाही तिथे विश्वास बसत नाही, यात त्याची चूक काय?

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे, आणि ती आपल्या तालुक्यांना फार लागू पडते. कातकऱ्यांच्या वाड्या दिवाळीनंतर रिकाम्या होतात. माणसं वीटभट्टीला, कोळसाभट्टीला जातात ती पावसाच्या आधी परततात. आता वनहक्क कायदा बघा, २००६ चा. दळी जमिनीचे दावे त्यात येतात. दळी म्हणजे इंग्रजी अमदानीत जंगलाच्या उतारावर नाचणी-वरीसाठी लावून दिलेली जमीन. दाव्यावर ग्रामसभेने ठराव केला आणि तो मान्य नसेल, तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे जायचं. ग्रामसभा असते २६ जानेवारीला. माणूस भट्टीवर. साठ दिवस मार्चअखेर संपतात. माणूस अजून भट्टीवरच. मुदत सगळ्यांना सारखी आहे, पण घरी असलेल्याला ती साठ दिवसांची, आणि भट्टीवरच्याला शून्य दिवसांची.

मग स्वयंसेवकाचं काम काय उरलं? हक्क कायद्यात आहे, वकील पॅनेलवर आहे, समिती तालुक्यात आहे. माझं उत्तर असं की स्वयंसेवकाची जागा कोर्टात नाही, कोर्टाच्या आधीच्या वाटेवर आहे. कागद आला त्या दिवशी तो वाचून दाखवणं, तारीख कोणती ते सांगणं, समितीच्या दारापर्यंत बरोबर जाणं. हे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणालाही कळलं होतं. २००९ मध्ये त्यांनी विधी स्वयंसेवकांची योजना काढली. आणि यात कोण येऊ शकतं? शिक्षक, निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी नोकर, ज्येष्ठ नागरिक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी. वकील असण्याची गरजच नाही. या सभागृहात नजर फिरवली तर तीन-चतुर्थांश माणसं त्या यादीत बसतात. पांढरे केस हीच पात्रता!

आता बाईंचं सांगतो. चौकशी केल्यावर कळलं, निकाल एकतर्फी लागला होता. आम्ही दोघं समितीत गेलो. अर्ज एका पानाचा. एक तरुण वकीलबाई नेमून मिळाल्या. त्यांनी मला समजावलं की समन्स नीट बजावला गेला नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करायचा अर्ज देता येतो. आमचे बारा दिवस गेले होते. अर्ज झाला, एकतर्फी निकाल रद्द झाला. दावा अजून चालू आहे. झोपडी राहील की जाईल, मला माहीत नाही. पण आता बाईंचं म्हणणं कोणीतरी ऐकतंय.

निकाल रद्द झाला त्या आठवड्यात बाई वकीलबाईंकडे करवंदांची टोपली घेऊन गेल्या. वकीलबाई अडचणीत पडल्या. नियम असा की मदत घेणाऱ्याकडून फी किंवा कोणतीही मोलाची वस्तू घ्यायची नाही. त्यांनी हात जोडून नकार दिला. बाई रागावल्या, आणि ती टोपली माझ्या घरी आली. मी कोणाच्याच पॅनेलवर नाही, तेव्हा आम्ही ती खाल्ली.

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी मी रोह्याच्या घराच्या ओटीवर चष्मा लावून बसतो. कागद येतात. काही खरोखरच रेशनचे असतात. तेही वाचून दाखवतो. रोह्यात मी एकटा आहे. पेणमध्ये कोण बसेल, ते मला चहाच्या वेळी येऊन सांगा.