रुपया : चांदी की ठसा?

‘रुपया’ म्हणजे चांदी, असे आपण सहज धरतो. पाणिनीने मात्र ‘रूप्य’ हा शब्द ‘रूप’वरून, ठसा उमटवलेले या अर्थीही साधला आहे. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या, म्हणजे आपली चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात, आणि वैयाकरणाचा हा भेद खानदेशातल्या वरणगावच्या कापूसवाल्याच्या दारी आला. शेतसारा ठशाच्या रुपयांत भरायचा. घरातली चांदीची वाळी मात्र नुसता धातू, तीही उतरत्या भावाची. कोणी म्हणेल, साऱ्याचा आकडा तर तोच राहिला. खरे, पण रुपया महाग झाला की तेवढ्याच रुपयांसाठी जास्त कापूस विकावा लागतो. दादाभाई नौरोजींनी १८९८च्या चलन समितीपुढे याला करवाढच ठरवले. १८९६मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ब्रायन शेतकऱ्यांसाठी चांदीला खुली टांकसाळ मागत होता. इथे होती ती तीन वर्षे आधीच गेली होती, कोणाही रयतेला न विचारता.