लावणीची कंबर

आषाढात रत्नागिरीच्या खाचरांत भाताची लावणी सुरू झाली की बाईमाणसाचा सारा दिवस वाकून जातो. संध्याकाळी ‘कंबर धरली’ म्हटले की निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि ‘पडून राहा’ हा सल्ला मिळतो. या सल्ल्याचा इतिहास तपासण्यासारखा आहे.

मणक्यांमधली चकती सरकल्याने नस दाबली जाते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1934 साली मांडले. त्यानंतर कितीतरी कंबरदुख्या या चकतीच्या खाती जमा झाल्या आणि दीर्घ विश्रांती हा नेहमीचा उपाय ठरला. आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती मात्र पोलिओच्या निमित्ताने. मुंबईतील साथीनंतर, 1950च्या दशकाच्या आरंभी, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली. परळ म्हणजे गिरणगाव. रत्नागिरीचे चाकरमानी तिथल्याच चाळींत राहत. गावची लावणी बायकांच्या कंबरेवर चाले.

विश्रांतीच्या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो 1986 साली. डेयो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 203 रुग्णांपैकी काहींना दोन, तर काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे काही बिघडले नाही, उलट त्यांचे कामाचे खाडे कमी झाले. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णशिक्षण सुचवले. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत, असे सांगितले.

दुखणे मोजण्याची रीतही बदलली. रोलंड आणि मॉरिस यांच्या 1983च्या इंग्रजी प्रश्नावलीत 24 विधाने आहेत. ती दुखण्याच्या तीव्रतेपेक्षा दिनक्रमाविषयी अधिक विचारतात: मोजे घालताना त्रास होतो का, खुर्चीतून उठणे जड जाते का, जिना चढताना कठडा धरावा लागतो का. लावणी, डोईवरचा हंडा, उकिडवे बसणे त्यांत नाही. कोकणातल्या बाईची कंबर मोजायची तर हीच कामे विचारायला हवीत.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘हालचाल चालू ठेवा’ याचा अर्थ ‘पूर्वीचेच ओझे वाहा’ असा घरच्यांनी लावू नये. तिला सक्तीची विश्रांती पूर्वीही परवडली नाही. व्यायामाला अर्धा तास आणि लावणीत आळीपाळीने उभे राहण्याची मुभा, एवढे तरी घरातून मिळाले पाहिजे.